वाद्याची प्रतिकृती आणि तिची मालकी : झाडीपट्टीच्या ऑर्गनपासून संगणकीय सिंथेसायझरपर्यंत

१. विषयाची मांडणी

वाद्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः नादाकडे असते. अमुक वाद्याचा स्वर कसा आहे, तो गायकीला पोषक आहे की मारक, त्याची श्रुतिव्यवस्था शास्त्रशुद्ध आहे की नाही, हे प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चिले गेले आहेत. ते वाद्य कोण विकत घेऊ शकत होता, बिघडले तर कोण दुरुस्त करीत होता आणि वादकाच्या पश्चात ते कोणाच्या हाती जात होते, हे प्रश्न मात्र गौण मानले गेले. वास्तविक एखादे वाद्य समाजात रुजते की नाही याचा निर्णय पुष्कळदा या गौण मानलेल्या प्रश्नांनीच केलेला आढळतो.

इ. स. १९६४ ते १९८५ या काळात निर्माण झालेल्या अॅनालॉग सिंथेसायझरांच्या सॉफ्टवेअररूप प्रतिकृती गेल्या पाव शतकात बाजारात आल्या आहेत. या प्रतिकृती मुळाशी किती प्रामाणिक आहेत, यावर जगभर वाद चालतो. प्रस्तुत लेखात त्या वादाचा विचार केला आहेच; परंतु त्याला वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नमालिकेची जोड दिली आहे. विवेचनाचे क्षेत्र म्हणून गोंदिया व त्याच्या सभोवतालची झाडीपट्टी घेण्याचे कारण असे की, मराठी संगीत नाटकाने शतकापूर्वी स्वीकारलेला ऑर्गन आणि विसाव्या शतकाच्या अखेरचे विद्युत् वाद्य ही दोन्ही या प्रदेशाच्या रंगभूमीवर एकत्र नांदलेली दिसतात. अन्यत्र ग्रंथांतून जुळवावी लागणारी साखळी येथे एकाच रंगमंचापुढे पाहावयास मिळते.

२. झाडीपट्टीची रंगभूमी आणि तिची वाद्ये

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तथापि त्याचे सांस्कृतिक नाते भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या शेजारच्या भूभागाशी फार जुने आहे. धानाची शेती, तलाव आणि जंगल यांनी व्यापलेल्या या पूर्व विदर्भाला झाडीपट्टी म्हणतात. येथील बोलीचा व दंडारीसारख्या लोकनाट्यप्रकारांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला असून, या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाल्यामुळे तिची ओळख प्रदेशाबाहेरही झाली आहे.

दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. नाटके सादर करणाऱ्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा हे आहे. गोंदियाहून अर्जुनीमार्गे वडसा व पुढे नागभीडकडे जाणारा लोहमार्ग या प्रदेशाच्या मधून जातो. बंगाल-नागपूर रेल्वेची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि नागपूरपासून पूर्वेकडे जाणारा जुना मीटरगेज मार्ग तिने रुंद केला. त्यानंतर गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरील एक महत्त्वाचे जंक्शन बनले. जड व नाजूक वाद्य दूरच्या शहरातून या अंतर्भागापर्यंत पोचणे अशा मार्गांवाचून दुष्कर होते, हे सहज ध्यानात येईल.

या नाटकांत संगीत जिवंत असते. रंगमंचापुढे वादक बसतात. ऑर्गन व तबला ही परंपरागत जोडी आणि तिच्या जोडीला अलीकडच्या काळात आलेले ऑक्टोपॅड व विद्युत् कळफलक असा हा मेळ असतो. पुण्यामुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवरून पायपेटीचा ऑर्गन जवळजवळ लोप पावल्यावरही झाडीपट्टीत तो टिकला, ही गोष्ट या रंगभूमीच्या अभ्यासकांना नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. विद्युत् कळफलकाला महाराष्ट्रात सर्रास 'कॅसिओ' म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० पासून स्वस्त कळफलक बाजारात आणले आणि एका उत्पादकाचे नाव साऱ्या जातीला पडले. लोकभाषेने दिलेले हे नाव एका अर्थी इतिहासाचे साधन होय. कारण नवे वाद्य सामान्य वादकाच्या घरात प्रथम कोणत्या दाराने आले हे ते सांगते.

३. हार्मोनियमचा धडा

सिंथेसायझरच्या प्रतिकृतींचा विचार करण्यापूर्वी हार्मोनियमकडे वळणे आवश्यक आहे, कारण ते वाद्य मुळात प्रतिकृतीच होय. युरोपातील चर्चमध्ये असणारा नळ्यांचा प्रचंड ऑर्गन लहान घरांत व लहान प्रार्थनामंदिरांत परवडण्याजोगा व्हावा, या हेतूने धातूच्या मोकळ्या पट्ट्यांवर चालणारी वाद्ये एकोणिसाव्या शतकात बनविली गेली. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम हे नाव रूढ केले. अमेरिकेत हवा बाहेर लोटण्याऐवजी आत ओढणारा भाता वापरून निराळा, काहीसा मृदू नादाचा रीड-ऑर्गन तयार झाला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हार्मोनियमचे पाय काढून भाता मागच्या अंगाला आणला आणि जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने स्वर चालविता येईल अशी पेटी बनविली. आज जी पेटी भारतीय म्हणून ओळखली जाते ती अशा रीतीने एका प्रतिकृतीचे रूपांतर आहे.

मराठी रंगभूमीवर १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचे युग सुरू केले. पुढे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी हार्मोनियमला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात ऑर्गनचा भरदार स्वर नाट्यसंगीताचे अविभाज्य अंग बनला. मूळच्या चर्चच्या ऑर्गनची ही दुय्यम आवृत्ती आहे, असे मराठी श्रोत्याच्या मनातही येईनासे झाले. प्रतिकृती मुळापासून इतकी दूर गेली की तीच मूळ ठरली.

याच काळात या वाद्यावर आक्षेपही घेतले जात होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींना अनुसरणारी हार्मोनियम तयार करविण्याचा उद्योग केला. त्यामागील गणित सोपे आहे. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर समान अंतराच्या पट्टीवरील शुद्ध गांधार ४०० सेंटांवर येतो. षड्जाशी ५ : ४ या प्रमाणात असलेला गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. तसाच धैवत ९०० ऐवजी सुमारे ८८४ सेंटांवर असावयास हवा. चौदा-सोळा सेंटांचा हा भेद तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर शिकलेल्या कानाला खटकतो. श्रुती-हार्मोनियमने तो भेद दूर केला. परंतु वाद्य गुंतागुंतीचे झाले, महाग झाले आणि त्यावर हात बसविणे अवघड झाले. शास्त्रदृष्ट्या सरस असलेले वाद्य प्रदर्शनापुरते उरले व सदोष पेटी घरोघर गेली.

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. मींड नाही, स्वर समान अंतराचे आहेत आणि वाद्य परदेशी आहे, हे तिच्यामागचे मुख्य युक्तिवाद होते. बंदी शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले. या तीन दशकांत नाटक, कीर्तन, भजन व संगीतशिक्षण यांतून पेटी रेसभरही मागे हटली नाही. तिच्या टिकण्याची कारणे व्यावहारिक होती : किंमत आवाक्यात होती, स्वरपट्ट्या देशातच, विशेषतः सौराष्ट्रातील पालिताणा येथे, बनू लागल्या होत्या, आणि भाता फाटला वा पट्टी बेसूर झाली तर तालुक्याच्या गावचा कारागीरही ती नीट करू शकत होता. शुद्धतेच्या वादात हरलेले वाद्य किंमत, दुरुस्ती व मालकी या तीन कसोट्यांवर जिंकले. सिंथेसायझरच्या इतिहासालाही याच कसोट्या लावून पाहावयाच्या आहेत.

४. सिंथेसायझरचा उदय आणि भारतातील आगमन

१९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने विद्युद्दाबावर नियंत्रित होणारे वाद्य तयार केले. त्याचे तत्त्व असे. दोलक-मंडल करवतीच्या दात्यांसारख्या, चौकोनी वा त्रिकोणी आकाराच्या विद्युत् लहरी निर्माण करते. या लहरींत उपस्वरांची समृद्धी असते. पुढचे फिल्टर-मंडल नको असलेले उपस्वर गाळून टाकते. तिसरे मंडल आवाजाचा चढउतार ठरविते. विद्युद्दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो, या साध्या नियमाने सर्व मंडले परस्परांशी जोडता येतात. मोग यांच्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेल्या असून त्याचे पेटंट १९६९ मध्ये मंजूर झाले. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना या वाद्यावर मुद्रित केल्या आणि प्रयोगशाळेतील यंत्र संगीताच्या बाजारात आले. १९७० चे मिनीमोग हे उचलून नेता येण्याजोगे पहिले लोकप्रिय रूप होय. त्याची अमेरिकेतील किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती. १९७८ च्या प्रॉफेट-५ ने पाच स्वर एकदम वाजविण्याची व स्वररचना स्मृतीत साठविण्याची सोय केली. जपानच्या रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८ हे १९८१ मध्ये आले व त्याची किंमत पाच हजार डॉलरांहून अधिक होती.

भारतात हे यंत्र प्रथम शिक्षणसंस्थेत आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मोग सिंथेसायझर बसविण्यात आला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर १९७२ पर्यंत रचना केल्या. हे कार्य पुढे विस्मृतीत गेले. संस्थेच्या संग्रहातील ध्वनिफिती ब्रिटिश संगीतकार पॉल परगस यांनी शोधल्यानंतर त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रकाशित झाला. यंत्र परदेशी, ते समजणारे मोजके, दुरुस्तीची व्यवस्था नाही, अशा स्थितीत प्रयोगाची परंपरा उभी राहू शकली नाही.

दुसरे केंद्र मुंबईचे चित्रपटसंगीत. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी १९७० नंतरच्या दशकात सिंथेसायझर ध्वनिमुद्रणगृहांत आणला. आयातपरवाने व भारी जकात यांमुळे ही वाद्ये परदेशप्रवास करणाऱ्या मोजक्या वादकांच्याच हाती राहिली. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजविले, ते ज्युपिटर-८, टीआर-८०८ व टीबी-३०३ या रोलँडच्या तीन यंत्रांवर. ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा जगाच्या लक्षात आले की, शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास 'अॅसिड हाऊस' म्हणून गाजलेल्या संगीताशी तिचे विलक्षण साम्य आहे. चरणजित सिंग २०१५ मध्ये निवर्तले.

या प्रसंगातील टीबी-३०३ हे यंत्र विशेष बोधप्रद आहे. बास गिटार वाजविणाऱ्याचा पर्याय म्हणून ते बनविले गेले. म्हणजे तेही प्रतिकृतीच. बास गिटारची नक्कल त्याला साधली नाही व काही वर्षांतच उत्पादन थांबले. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय त्यात होती ती रागाची मींड सूचित करण्यास चरणजित सिंग यांना उपयोगी पडली, आणि स्वस्तात विकल्या जाणाऱ्या या जुन्या यंत्रातूनच शिकागोच्या तरुणांनी नवा संगीतप्रकार घडविला. नकलेत अयशस्वी ठरलेले यंत्र स्वतःच्या गुणावर मूळ ठरले. हार्मोनियमची कथा येथे वेगळ्या वेषात पुन्हा भेटते.

१९८३ मध्ये दोन घटना घडल्या. यामाहाचे डीएक्स-७ हे अंकीय वाद्य बाजारात आले आणि विविध कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारा मिडी हा संकेत मान्य झाला. अॅनालॉग वाद्यांचे भाव कोसळले. ती अडगळीत गेली आणि दहा-बारा वर्षांनी दुर्मीळ म्हणून पुन्हा मौल्यवान झाली. या दुर्मीळतेनेच सॉफ्टवेअररूप प्रतिकृतींची मागणी उत्पन्न केली.

५. प्रतिकृती कशी घडते

स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने १९९७ मध्ये 'रीबर्थ' हे सॉफ्टवेअर काढले. त्यात टीबी-३०३ व टीआर-८०८ संगणकाच्या पडद्यावर साकारली होती. १९९६ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने मांडलेल्या व्हीएसटी या पद्धतीमुळे वाद्यरूप सॉफ्टवेअर मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येऊ लागले. प्रॉफेट-५ ची प्रतिकृती बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने १९९९ मध्ये आणली. फ्रान्सच्या आर्तुरिया कंपनीने २००३ मध्ये मोगच्या मोठ्या यंत्राची व पुढच्या वर्षी मिनीमोगची प्रतिकृती विक्रीस काढली आणि २००४ मध्येच जपानच्या कॉर्ग कंपनीने स्वतःच्या जुन्या वाद्यांचा संगणकीय संच प्रसिद्ध केला.

नकलेतील अडचण तात्त्विक होती. संगणक लहरीचे सेकंदाला ४४,१०० वा त्याहून अधिक ठिकाणी मोजमाप करतो. त्या संख्येच्या निम्म्यापेक्षा वरचे कंपन त्याला दर्शविता येत नाही, उलट ते खाली परावर्तित होऊन बेसूर किणकिणाट उत्पन्न करते. करवतीसारख्या लहरीचे उपस्वर मात्र अनंत असतात. यावरचा उपाय आणि मोगच्या फिल्टरचे अंकीय विश्लेषण, या दोन्ही विषयांवर टिम स्टिल्सन व ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये निबंध लिहिले. दुसरी अडचण पुनर्निवेशाची. मूळ मंडलात फिल्टरचा परिणाम तत्काळ आरंभाकडे परत जातो. संगणकात निदान एका मोजमापाचा विलंब पडतो व त्यामुळे फिल्टरचा स्वर ढळतो. फिनलंडच्या अँटी हुओविलाइनेन यांनी २००४ मध्ये ट्रान्झिस्टरांच्या अरेषीय वर्तनासह या फिल्टरचे प्रतिमान मांडले. पुढे हा विलंब गणिताने नाहीसा करणाऱ्या पद्धती रूढ झाल्या आणि २०११ नंतरच्या प्रतिकृतींत व मुळात भेद ओळखणे कसलेल्या कानांनाही कठीण जाऊ लागले.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली पाहिजे. अॅनालॉग दोलक तापमानाप्रमाणे स्वर बदलतात; मिनीमोगच्या आरंभीच्या यंत्रांची ही प्रसिद्ध खोड होती. संगणकाला ही खोड नाही. परंतु स्वर अगदी स्थिर झाला की तो निर्जीव वाटतो, म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारे मुद्दाम त्यात थोडी अस्थिरता घालतात. एका पिढीच्या अभियंत्यांनी जो दोष घालविण्यासाठी परिश्रम केले, तोच दोष दुसरी पिढी गुण म्हणून परिश्रमपूर्वक निर्माण करते. ऐतिहासिक निष्ठा म्हणजे काय, या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

६. खरेदी, वापर आणि मालकी

गोंदिया वा अर्जुनीच्या वादकाने अशी प्रतिकृती घ्यावयाची ठरविली तर त्याच्यापुढे कोणता हिशेब येतो, ते पाहणे उद्बोधक आहे. पहिल्या कसोटीवर, म्हणजे किंमतीवर, सॉफ्टवेअरचा विजय निर्विवाद आहे. ज्या वाद्यासाठी एके काळी परदेशप्रवास, परवाना व जकात लागत असे, त्याची प्रतिकृती मूळ किंमतीच्या लहानशा अंशात घरबसल्या मिळते. ऑर्गनला रेल्वेची वाट पाहावी लागली. या वाद्याला मालगाडी लागत नाही. अर्थात संगणक, मिडी कळफलक व आवाज बाहेर काढणारे यंत्र यांचा खर्च त्यात धरलाच पाहिजे.

वापराच्या दृष्टीने फायदे-तोटे संमिश्र आहेत. झाडीपट्टीची नाटके हिवाळ्यात, उघड्यावर, रात्रभर चालतात. थंडी वाढत जाते तसा मूळ अॅनालॉग यंत्राचा स्वर ढळला असता. सॉफ्टवेअरचा ढळत नाही. पण संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार करतो. तुकडा २५६ मोजमापांचा असेल तर सुमारे ५.८ मिलिसेकंद विलंब होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून दोन मीटर जातो. जुन्या वा दुर्बळ संगणकावर तुकडा १,०२४ मोजमापांचा ठेवावा लागला तर विलंब २३ मिलिसेकंदांवर पोचतो, म्हणजे वादक आपल्याच वाद्यापासून आठ मीटर दूर बसल्यासारखे होते. तबल्याशी लय सांभाळणाऱ्याला हे अंतर जाणवल्यावाचून राहत नाही. उलट श्रुतींच्या बाबतीत सॉफ्टवेअरने देवलांचे स्वप्न जवळ आणले आहे. मिडीत स्वरांचे सूक्ष्म मूल्य कळविण्याचा संकेत १९९२ मध्ये निश्चित झाला असून अनेक प्रतिकृतींत प्रत्येक कळीचा स्वर सेंटांच्या मापाने बदलता येतो. जे १९१० च्या सुमारास अवजड यंत्रात करावे लागले, ते येथे एका तक्त्याने होते.

दुरुस्ती व मालकी या उरलेल्या दोन कसोट्यांवर मात्र चित्र पालटते. ऑर्गन विकत घेणारा वस्तू विकत घेत असे. सॉफ्टवेअर विकत घेणारा बहुधा केवळ वापराचा परवाना घेतो. तो किती संगणकांवर चालेल, दुसऱ्याला देता येईल की नाही, हे कंपनी ठरविते. वडिलांचा ऑर्गन मुलाकडे वा शिष्याकडे जातो. परवाना तसा आपोआप जात नाही. शिवाय सॉफ्टवेअर ज्या संगणकपद्धतीवर उभे असते ती बदलली की वाद्य मुके होते. अॅपल कंपनीने २०१९ मध्ये ३२-बिट सॉफ्टवेअर चालविणे बंद केले, तेव्हा अद्ययावत न झालेली कितीएक वाद्ये एका दिवसात निरुपयोगी झाली. प्रॉफेट-५ ची वर उल्लेखिलेली प्रतिकृती पुढे विक्रीतून काढून घेण्यात आली. १९७८ चे यंत्र आज दुरुस्त करून वाजविता येते. त्याची १९९९ ची प्रतिकृती नव्या संगणकावर सरळपणे वाजत नाही. प्रतिकृती मुळाआधी म्हातारी झाली.

कायद्याचा भागही विचारात घ्यावा लागतो. मोगच्या फिल्टरचे पेटंट तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणे मंजुरीपासून सतरा वर्षांनी, म्हणजे १९८६ मध्ये, संपले. त्यानंतर त्या तत्त्वाचा उपयोग कोणासही खुला झाला. परंतु वाद्याचे नाव व रूप यांवरील हक्क त्याबरोबर संपत नाहीत. 'रीबर्थ'ची संगणकावरील आवृत्ती २००५ मध्ये उत्पादकाने थांबवून विनामूल्य दिली. आयपॅडसाठी काढलेली आवृत्ती मात्र रोलँडने आपल्या बौद्धिक संपदेबद्दल हरकत घेतल्यावर २०१७ मध्ये मागे घ्यावी लागली. २०२३ च्या मार्चमध्ये ध्वनिप्रक्रियेचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या वेव्ह्ज या कंपनीने कायमची विक्री बंद करून केवळ वर्गणी घेण्याचे जाहीर केले व ग्राहकांच्या रोषामुळे काही दिवसांतच निर्णय फिरविला. निर्णय फिरला ही गोष्ट खरी. परंतु तो एकतर्फी घेता येतो, ही गोष्टही तितकीच खरी.

यावर असा आक्षेप घेता येईल की, यंत्रही अमर नसते. जुन्या वाद्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि अहमदाबादचे मोग यंत्र असूनही तेथील परंपरा खंडित झालीच. आक्षेप योग्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष यंत्राच्या बाजूचा नसून ज्ञानाच्या बाजूचा आहे. अहमदाबादला यंत्र होते, ते उघडून पाहणाऱ्यांची परंपरा नव्हती. झाडीपट्टीला ऑर्गन मिळाला व त्याचा भाता शिवणारेही लाभले. सॉफ्टवेअरच्या जगात भाता शिवण्याची सोय म्हणजे त्याची मूळ संहिता खुली असणे. सर्ज हा सिंथेसायझर प्रथम विक्रीसाठी लिहिला गेला होता. त्याच्या कर्त्याने २०१८ मध्ये संहिता खुली केल्यावर स्वयंसेवकांनी तो नव्या संगणकांना अनुरूप केला. २०१७ पासून उपलब्ध असलेले व्हीसीव्ही रॅक हे मोगच्या मंडलरचनेच्या धर्तीवरील सॉफ्टवेअरही खुल्या संहितेचे आहे. अशी साधने मूळ कर्त्याच्या इच्छेवर वा व्यापारावर सर्वस्वी अवलंबून राहत नाहीत.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, मूळ आणि प्रतिकृती हा भेद वाद्यांच्या इतिहासात स्थिर नाही. नळ्यांच्या ऑर्गनची नक्कल मराठी नाट्यसंगीताचे मूळ वाद्य झाली, बास गिटारची नक्कल एका नव्या संगीताचे उगमस्थान झाली. संगणकीय सिंथेसायझरही केवळ नक्कल म्हणून राहील असे मानण्यास आधार नाही. दुसरी अशी की, नादाच्या निष्ठेवरील वाद कितीही सूक्ष्म असला तरी वाद्याचे भवितव्य किंमत, दुरुस्ती व मालकी यांवर ठरते. हार्मोनियमने हे रेडिओच्या बंदीच्या काळात सिद्ध केले. तिसरी अशी की, सॉफ्टवेअरने पहिली कसोटी जिंकून उरलेल्या दोन अनिर्णित ठेवल्या आहेत.

मोठ्या शहरातील ध्वनिमुद्रणगृहाला एक सॉफ्टवेअर बंद पडले तर दुसरे घेता येते. हंगामावर पोट असणाऱ्या वादकाला मंडईच्या ऐन रात्री वाद्य मुके होणे परवडत नाही, आणि हातातली कला पुढच्या पिढीला देताना वाद्य देता न येणे हे तर परंपरेच्याच मुळाशी येते. सबब झाडीपट्टीसारख्या प्रदेशात वाद्य निवडताना स्वराबरोबर परवान्याच्या अटीही वाचल्या पाहिजेत, आणि जेथे खुल्या संहितेचे साधन पुरेसे असेल तेथे त्याला अग्रक्रम मिळाला पाहिजे.

संशोधकांपुढेही येथे काम आहे. झाडीपट्टीतील ऑर्गनवादक, त्यांची वाद्ये, त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर आणि विद्युत् कळफलकाकडे वळलेली पिढी यांची पद्धतशीर नोंद करणे, जुन्या ऑर्गनांच्या स्वरांचे मोजमाप घेणे व त्यांच्या ध्वनीचे संग्रह विद्यापीठाच्या मालकीत, खुल्या स्वरूपात ठेवणे, ही कामे आज करता येण्याजोगी आहेत. कारण या ऑर्गनचीही संगणकीय प्रतिकृती कोणीतरी उद्या करील. ती कोणाच्या मालकीची असावी, हे आज केलेल्या संग्रहावरून ठरणार आहे.